स्कूटरचा पिकअप: रोलर, बेल्ट आणि क्लच मुंबईसाठी कसे जुळवायचे

गुलमर्गच्या बर्फात पर्यटकांना फिरवणारी स्नोमोबाइल आणि दादरच्या फुटपाथला लागून उभी असलेली ११० सीसीची स्कूटर, दोघींच्या पोटात एकच यंत्रणा आहे. पुढे एक पुली, मागे एक पुली आणि मध्ये व्ही आकाराचा रबरी बेल्ट. गिअर नाहीत. वेग वाढला की पुढच्या पुलीच्या दोन तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट त्यांच्यात वर चढतो. त्याच वेळी मागच्या पुलीच्या तबकड्या फाकतात आणि बेल्ट खाली उतरतो. १९५८ साली डच कंपनी दाफने हीच रचना बसवलेली आपली छोटी मोटार लोकांसमोर आणली होती. स्नोमोबाइलवाले या पुल्यांमधली वजनं आणि स्प्रिंगा बर्फ, उंची आणि वजन पाहून बदलत राहतात. त्यांच्याकडे हे नेहमीचं काम आहे. आपल्याकडे मात्र पिकअप गेला की ‘बेल्ट-रोलर किट टाका’ एवढ्यावर विषय संपतो. किट टाकायला हरकत नाही, पण कुठला भाग काय करतो हे कळलं तर तीच स्कूटर केम्प्स कॉर्नरहून हँगिंग गार्डनकडे जाणारा चढ मागे माणूस बसवूनही न कण्हता चढते.

एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्या. स्नोमोबाइलमध्ये पुढची पुली हाच क्लच असतो. इंजिन मंद चालत असताना ती बेल्टला धरतच नाही. तिच्यात बिजागरीवर झुलणारी वजनं असतात आणि त्यांना मागे ढकलणारी स्प्रिंग असते. स्कूटरच्या पुढच्या पुलीत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये, सहा गोल रोलर असतात आणि स्प्रिंग नसते. रोलर फिरण्याच्या जोराने उतरणीवरून बाहेर सरकतात आणि तबकडी ढकलतात. त्यांना विरोध करते ती मागच्या पुलीवरची मोठी स्प्रिंग. खरा क्लच मागे वेगळा असतो: तीन शू (घासून पकडणारं लायनिंग लावलेले तुकडे), तीन बारीक स्प्रिंगा आणि त्यांना झाकणारा वाटीसारखा क्लच आउटर. म्हणून स्कूटरमध्ये ‘गाडी कधी सुटते’ आणि ‘बेल्ट कधी चढतो’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरंही वेगवेगळ्या भागांत आहेत. गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

आता रोलरचं वजन. जड रोलर कमी आरपीएमलाच, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला कमी फेरे असतानाच, बाहेर सरकतात. बेल्ट लवकर चढतो, इंजिन शांत चालतं, पण चढावर दम कोंडल्यासारखं होतं. हलके रोलर उशिरा सरकतात, इंजिन जास्त आरपीएमवर फिरत राहतं, पिकअप चुणचुणीत लागतो, पण पेट्रोल जास्त जातं आणि कानाला सतत गुणगुण. किती बदललं की किती फरक पडेल, याचा हिशेब सोपा आहे. रोलरचा जोर वजनाच्या प्रमाणात आणि आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून वजन १० टक्के कमी केलं तर बेल्ट चढण्याचा आरपीएम साधारण ५ टक्क्यांनी वाढतो. १२ ग्रॅमच्या जागी साडेदहा ग्रॅमचे रोलर घातले तर वाढ सुमारे ७ टक्के. म्हणजे ६००० वर स्थिर राहणारं इंजिन आता ६४०० च्या आसपास राहील. एका पायरीत यापेक्षा मोठी उडी मारू नये. मधलं वजन हवं असेल तर तीन रोलर १२ ग्रॅमचे आणि तीन ११ ग्रॅमचे एकाआड एक बसवायचे, सरासरी साडेअकरा मिळते. एकाआड एकच. एका बाजूला तिन्ही जड ठेवले तर पुली थरथरते.

किती आरपीएम हवा, हे इंजिन सांगतं. आपल्याकडच्या बहुतेक ११० सीसी स्कूटरचा टॉर्क (ओढण्याचा जोर) ५००० ते ५५०० च्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि पॉवर ७५०० ते ८००० च्या आसपास. पूर्ण रेस दिल्यावर आरपीएम टॉर्कच्या आकड्याखाली बसत असेल तर रोलर जड आहेत किंवा मागची स्प्रिंग बसून सैल पडली आहे. पॉवरच्या आकड्याच्याही वर जाऊन नुसती ओरडत असेल तर रोलर जास्तच हलके आहेत किंवा बेल्ट घसरतोय. मुंबईसाठी माझं मत ठाम आहे: या दोन आकड्यांच्या मधलं, टॉर्कच्या बाजूला झुकलेलं स्थान धरा. सी लिंकवर आणि अटल सेतूवर दुचाकीला प्रवेशच नाही. सायन ते घाटकोपर एका सिग्नलवरून दुसऱ्या सिग्नलवर जाताना टॉप स्पीडचा उपयोग काय? इथे हवा तो स्वच्छ सुटणारा क्लच आणि थंड राहणारा बेल्ट.

आरपीएम मोजायला स्पार्क प्लगच्या वायरवर गुंडाळायचं छोटं डिजिटल मीटर मिळतं. तेवढं घ्याच. कानावर भरवसा ठेवून ट्यूनिंग होत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. ८ मिमीचा टी-पाना, पुली धरून ठेवायचं होल्डर, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना), व्हर्नियर (रुंदी मोजायचं साधन), रबरी हातोडी, ब्रेक क्लीनरचा डबा, १२० नंबरचा पॉलिश पेपर, बेल्टवरच्या कव्हरचं नवं पॅकिंग आणि सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा. नवीन रोलर आणलेत की पाकिटावर काय छापलंय ते विसरून सहाही रोलर एकेक करून काट्यावर ठेवा. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांत एकाच मापाचे पाच दर्जाचे रोलर मिळतात, आणि स्वस्त संचात दोन रोलरमध्ये अर्ध्या ग्रॅमचा फरक निघू शकतो. एकमेकांत पाव ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर तो संच परत करा. दुकानात जाताना जुना रोलर खिशात असू द्या. १६ × १३, १८ × १४, २० × १५ अशी मापं असतात, आणि डोळ्याला सारखा दिसणारा रोलर खोबणीत अडकतो.

गाडी मेन स्टँडवर, इंजिन थंड. किकचा दांडा काढण्याआधी तो शाफ्टवर कोणत्या कोनात बसलाय त्याची खूण करा. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचत जा. लांब बोल्ट आखूड भोकात घातला की ॲल्युमिनियमचे आटे जातात. कव्हर पॅकिंगला चिकटलेलं असेल तर रबरी हातोडीने कडेकडेने ठोका, स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका. आतली काळी भुकटी बेल्टची आणि क्लचच्या लायनिंगची असते. तोंडाला मास्क लावा, हवा मारून उडवू नका, ओल्या कापडाने टिपा.

उघडल्यावर लगेच काही काढू नका. पुढच्या पुलीच्या बाहेरच्या तबकडीवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारा. कव्हर परत लावा, मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादेत जमेल तेवढी पूर्ण रेसवर गाडी चालवा आणि पुन्हा उघडा. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंत रेघ पुसलेली दिसेल. कडेला पाच-सहा मिलिमीटर रेघ शिल्लक असेल तर बेल्ट पूर्ण चढत नाहीये. याची कारणं चार: रोलर फार हलके, बेल्ट झिजून अरुंद झालेला, रोलरच्या खोबणीत खड्डे पडलेले, किंवा ज्यावर तबकडी सरकते तो बॉस घासलेला. दहा मिनिटांची ही रेघ उगाच टाकलेले पार्ट वाचवते.

पुढचा नट सोडवताना पुली होल्डरने धरा. तबकडीवरच्या पंख्याच्या पात्यांत पाना किंवा स्क्रूड्रायव्हर अडकवायची सवय आपल्याकडे फार आहे. एक पातं तुटलं की पुली डुगडुगते आणि तो हादरा क्रँकच्या बेअरिंगला जातो. नट निघाला की बाहेरची तबकडी काढा, बेल्ट बाजूला करा, आणि व्हेरिएटर बाहेर ओढताना मागची रॅम्प प्लेट (रोलरना मागून टेकू देणारी पत्र्याची तबकडी) बोटांनी घट्ट दाबून धरा. नाहीतर रोलर खाली घरंगळतात आणि ते कोणत्या दिशेने बसले होते ते कळायचा मार्ग राहत नाही. रोलरच्या दोन बाजू सारख्या नसतात. एका बाजूला प्लास्टिकची कड जाड असते, दुसऱ्या बाजूला आतला धातू दिसतो. जुने जसे बसले होते तसेच नवे बसवायचे. म्हणून काढण्याआधी फोटो काढा.

जुना रोलर बोटांत धरून फिरवून पाहा. झिजलेला रोलर गोल राहत नाही. त्याच्या अंगावर नखाएवढी सपाट जागा तयार होते, उजेडाकडे धरली की चकाकते. ही सपाटी आली की रोलर लोळत नाही, घसटतो. मग एका विशिष्ट वेगाला गाडी अडखळते आणि अचानक पुढे झेपावते. एक झिजला तरी सहाही बदला. रॅम्प प्लेटच्या कडेला असलेले प्लास्टिकचे तीन छोटे तुकडेही त्याच वेळी बदला. ते स्वस्त आहेत, आणि कमी वेगाला येणारी खडखड पुष्कळदा त्यांचीच असते.

ग्रीसबद्दल एकच नियम: मॅन्युअल सांगत असेल तरच, आणि सांगितलेल्या मापातच. काही जुन्या मॉडेलमध्ये व्हेरिएटर सीलबंद असतो आणि आत मोजून ग्रीस भरलेलं असतं. बाकीचे कोरडेच चालवायचे. कोरड्या व्हेरिएटरमध्ये ‘जरा गुळगुळीत चालेल’ म्हणून बोटभर ग्रीस लावलं की ते उडून तबकड्यांवर येतं आणि बेल्ट घसरायला लागतो. मग दोष बेल्टला दिला जातो. तबकड्यांचे उतार ब्रेक क्लीनरने पुसून, कोरडे करून, बोट न लावता बसवा.

बेल्ट व्हर्नियरने मोजा. वरच्या बाजूची रुंदी मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहा. दातांच्या मुळाशी चिरा पडल्या आहेत का ते बेल्ट उलटा वाकवून बघा. बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर तो घसरून तापलेला बेल्ट आहे. मॅन्युअलमधलं बदलाचं अंतर मुंबईत कमाल समजावं. दिवसभर डिलिव्हरीचं ओझं वाहणाऱ्या गाडीचा बेल्ट त्याआधीच जातो. नव्या बेल्टवर बाण असतो, तो फिरण्याच्या दिशेने.

आता सगळ्यात महाग चूक. बेल्ट बसवताना मागच्या पुलीच्या तबकड्या हाताने फाकवून बेल्ट त्यात खोल दाबायचा असतो, म्हणजे पुढे सैल राहतो. तसं केलं नाही तर पुढच्या बाजूला ताणलेला बेल्ट शाफ्टजवळ दोन तबकड्यांच्या मध्ये चिमटला जातो. नट आवळताना हाताला घट्ट लागतो, पण तो बॉसवर टेकलेला नसतो. बेल्टच्या रबरावर टेकलेला असतो. गाडी चालू केली, बेल्ट वर चढला की नटाखाली फट पडते. बाहेरची तबकडी शाफ्टच्या दात्यांवर डुगडुगते आणि काही दिवसांत दाते खाऊन टाकते. पुढे क्रँकशाफ्ट बदलायची वेळ, म्हणजे पूर्ण इंजिन खोलायचं. तपासायची पद्धत सोपी आहे. नट हाताने पूर्ण बसवल्यावर बाहेरची तबकडी दात्यांवर नीट बसली आहे का आणि नटाबाहेर आधीइतकेच आटे दिसतात का ते पाहा. मग मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा. त्यानंतर पुढच्या पुलीतला बेल्ट बोटांनी डावी-उजवीकडे सहज हलला पाहिजे. नाही हलला तर परत सोडवा. इम्पॅक्ट गनने ‘टर्र’ करून शेवटचं आवळणं गॅरेजमध्ये सर्रास चालतं. आपल्या गाडीला तसं करू देऊ नका. गन सोडवायला चालेल, आवळायला टॉर्क रेंचच.

मागे क्लच आउटर निघाला की आतला पृष्ठभाग पाहा. निळसर डाग म्हणजे तो तापलाय. शूचं लायनिंग आरशासारखं चमकत असेल तर ते काचावलंय. पॉलिश पेपरने लायनिंगवर आणि आउटरच्या आत आडवे-तिरपे ओरखडे काढा, ब्रेक क्लीनरने धुवा. सकाळी गाडी सुटताना हँडलपर्यंत येणारी थरथर पुष्कळदा एवढ्यानेच जाते. राहिली तर शूच्या खुंटीवरचे रबर आणि आउटरची गोलाई तपासा. लायनिंग मॅन्युअलच्या मर्यादेखाली गेलं असेल तर घासत बसू नका, तिन्ही शू बदला.

मोठ्या स्प्रिंगला हात लावण्याआधी पुन्हा विचार करा. तिचा मधला नट सोडवला की ती आख्खा क्लच तोंडावर उडवू शकते. स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार नसेल तर हे काम करूच नये. ती कडक केली की बेल्ट उशिरा चढतो, चढावर पटकन खाली येतो आणि जास्त घट्ट पकडला जातो. त्याबरोबर बेल्टची उष्णता आणि झीजही वाढते. मूळ स्प्रिंग कालांतराने बसते, म्हणून नव्या मूळ स्प्रिंगनेच पुष्कळदा काम होतं. आतल्या खुंट्या आणि त्यांच्या तिरक्या खाचा साफ करून उष्णता सोसणारं ग्रीस लावा, ओ-रिंगा बदला. खुंट्या कोरड्या पडल्या की रेस सोडून परत दिल्यावर गाडी क्षणभर ‘विचार करते’, कारण बेल्ट वेळेवर खाली येत नाही.

क्लचच्या तीन बारीक स्प्रिंगा कडक करणं मला मुंबईत अजिबात पटत नाही. मूळ स्प्रिंगांवर क्लच साधारण ३००० आरपीएमच्या आसपास धरतो. कडक स्प्रिंगांनी तो उशिरा धरतो, सुटताना झटका मिळतो आणि मजा वाटते. पण एलबीएस रोडवर संध्याकाळी बम्परला बम्पर लावून सरकताना तोच क्लच प्रत्येक फुटाला जास्त आरपीएमवर घसरत राहतो, आणि तापतो. यापेक्षाही मोठं नुकसान एका सवयीने होतं: फ्लायओव्हरच्या चढावर गर्दीत थांबल्यावर ब्रेक न धरता हलकी रेस देऊन गाडी जागेवर तोलणं. त्या अर्ध्या मिनिटात शू आउटरला घासत असतात. चढावर ब्रेक धरा, जागा झाली की रेस द्या. कुठल्याही पार्टपेक्षा हा बदल क्लचला जास्त जगवतो. थांबलेली गाडी रेस न देताच पुढे सरकू पाहत असेल तर आधी आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या आरपीएमवर चालतं तो, तपासा. तो १७०० च्या आसपास हवा. तो ठीक असेल तर क्लचची बारीक स्प्रिंग तुटलेली किंवा ताणलेली असते.

पावसाळ्याचं वेगळं. बेल्टच्या खोलीला थंड ठेवायला हवेची वाट असते आणि साचलेलं पाणी तिथूनच आत येतं. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे: पाणी पायाच्या फळीला लागत असेल तर त्यात गाडी घालू नका. घातलीच, आणि रेस वाढूनही गाडी पुढे जात नाही असं झालं, तर आणखी रेस देऊ नका. ओला बेल्ट घसरतोय आणि प्रत्येक सेकंदाला त्याची बाजू जळतेय. ढकलत बाहेर काढा. कव्हरखाली पाणी सोडायचा बोल्ट किंवा नळी असेल ती उघडा, आणि लवकरात लवकर कव्हर काढून सगळं पुसून कोरडं करा. समुद्राचं पाणी शिरलं असेल तर आधी साध्या पाण्याने धुवा. चार दिवस पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचा पहिला करकर आवाज मात्र आउटरवरच्या गंजाच्या पापुद्र्याचा असतो. तो दोन-चार सिग्नलमध्ये निघून जातो. हवेच्या वाटेवर स्पंज असेल तर तो पावसाळ्याआधी आणि नंतर धुवा. मेट्रोच्या कामाची धूळ बसून तो बुजला की बेल्टची खोली भट्टी होते.

सगळं बसवल्यावर चाचणी दरवेळी त्याच चढावर, तेवढ्याच वजनाने, इंजिन गरम झाल्यावर घ्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रोलर, स्प्रिंग आणि बेल्ट एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कोणालाच सांगता येणार नाही. नवा बेल्ट पहिले शे-दोनशे किलोमीटर हळू वापरून मगच रोलरचा निर्णय घ्या, कारण नव्या रुंद बेल्टने आरपीएम तसाही थोडा बदलतो. समुद्रसपाटीला जुळवलेली गाडी घाटावर जड वाटली तर घाबरू नका. स्नोमोबाइलवाले दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद कमी धरून वजनं हलकी करतात. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे, म्हणजे १२-१३ टक्के ताकद हवेनेच घेतली. दोन दिवसांच्या सहलीसाठी रोलर बदलायची गरज नाही.

काम झालं की सीटखालच्या डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवा: तारीख, किलोमीटर, सहा रोलरची मोजलेली वजनं, बेल्टची रुंदी, पूर्ण रेसवरचा आरपीएम. पुढच्या वेळी कव्हर उघडणारा दुसरा कोणी असला तरी त्याला सुरुवात कुठून करायची ते तिथेच वाचायला मिळेल.